लेकीच्या पत्रिकेचं प्रूफ

नात कंपुटरवर काहीबाही लिहिती अन् लोकं ते वाचतेत म्हणे. परवा मला म्हणली, "आजी, छापखान्यात तू चुका कशा काढायचीस ते सांग. माझ्या लई चुका राहतेत." तिला जे सांगितलं ते हितं सांगते. तिला सांगितलं न्हाई तेबी सांगते.

मी चौथीपर्यंत शिकलेली. ऐंशी-एक्क्याऐंशीचं साल असंल. लेकीचा बाप वडीगोद्रीच्या बाजाराला जातो म्हणून सकाळी घरून निघाला, तो माघारी आलाच न्हाई. भांडण न्हाई, तंटा न्हाई. फडक्यात दोन भाकरी बांधून नेल्त्या. लेक दोन वर्साची व्हती. वर्सभर हुडकलं. सासू म्हणायची, "तुझ्याच्यानंच गेला माझा ल्योक." मंग मी लेकीला घेऊन जालन्याला आले अन् नवीन जालन्यात एका छापखान्यात झाडायला लागले.

तव्हा शिशाचे खिळे व्हते. एका खिळ्यावर एक अक्षर, तेबी उलटं. झाडताना खाली पडलेले खिळे उचलायचे अन् ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे, असं माझं काम. खिळे जुळवायला एक म्हातारे चाचा व्हते. एक दिवस त्यांनी छापलेलं कच्चं प्रूफ माझ्यापुढं धरलं.

"पढ."

"मला कुठं येतंय, चाचा?"

"नै आता, इसीलिए पढ. मालिक बी.ए. हैं, उनको गलती दिखतीच नै."

खरंच व्हतं ते. शिकलेला माणूस शब्दाचं तोंड पाहतो अन् पुढं पळतो. त्याच्या डोक्यात शब्द बराबर असतो, मंग कागदावरचा कोण पाहतंय? मला एकेक अक्षर पाहूनच पुढं जाता यायचं. म्हणून मला चूक सापडायची.

चाचा मूळ कागद मोठ्यानं वाचायचे अन् मी ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून प्रूफ पाह्यची. मंग एकदा खालून वर वाचायचं. तसं वाचलं की मतलब लागत न्हाई, नुसते शब्द दिसतेत. माणसांची नावं आधी पाह्यची. तारीख अन् वार कॅलेंडरशी लावायचा. मोठ्या अक्षरातलं शेवटी पुन्यांदा पाह्यचं, कारण मोठ्या अक्षरातली चूक कोणालाच दिसत न्हाई. समदं झालं की कोपऱ्यात पेन्सिलीनं "बराबर" लिहायचं. माझं "बराबर" असल्याबिगर चाचा कागद मशीनीवर चढवायचे न्हाईत. एवढं नातीला सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

आमच्याकडं जास्ती करून लग्नाच्या पत्रिका यायच्या. जित्या माणसाच्या नावाआधी श्री., गेलेल्याच्या आधी कै. एकदा मला ताप आल्ता, प्रूफ कोणी पाह्यलं न्हाई, अन् एका जित्या आजोबाच्या नावाआधी कै. छापून गेलं. आजोबा काठी टेकत सोता छापखान्यात आले.

"मयताला आलोय," म्हणले.

"कोणाच्या?" मालकानं इचारलं.

"माझ्याच. तुम्हीच तर कळवलं गावभर."

चाचा म्हणले, "बैठो दादा, चाय पिओ. गए हुए आदमी को भी चाय लगती." आजोबानं दोन कप घेतले अन् जाताना म्हणले, "आता बायकोला समजवा, ती कुंकू पुसायची न्हाई म्हणून राह्यली." लई हसलो त्या दिवशी.

लेक एकोणीसची झाली. दिरानं राजूरकडचं स्थळ आणलं. दीर वाईट न्हवता, साल झालं की ज्वारीचं पोतं आणून टाकायचा. बैठक गावाकडं त्याच्याच घरी झाली. मी चुलीपाशी व्हते, पाव्हण्यांपुढं आलेच न्हाई. सोयरीक जमली. पत्रिकेचा मजकूर दिरानंच लिहून चाचांकडं दिला.

दुपारी चाचा प्रूफ घेऊन आले. रोज ते लांबूनच वरडायचे. त्या दिवशी गपचिप बसले अन् वाचू लागले. माझी पट्टी लेकीच्या बापाच्या नावाखाली आली. तिथं आधी कै. व्हतं.

"चाचा, हितं चूक झाली."

"गलती नै, बहन." त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. "कागज पे वैसाच है."

दिराचं अक्षर व्हतं. खाली माझ्या नावाआधी श्रीमती लिहिलं व्हतं. म्या प्रूफ तसंच ठेवलं. दीर सांजच्याला येणार व्हता.

तो आला तव्हा म्या इचारलं, "भाऊजी, काही खबर आली का त्यांची?"

"न्हाई, वैनी."

"मंग?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाव्हण्यायला काय सांगू? घर सोडून गेला म्हणू? तशा माणसाची लेक कोण करतंय? वारला म्हणून सांगून बसलोय. आता पत्रिकेत श्री. आलं तर कन्यादानाला बाप कुठंय म्हणून इचारतील. हे मोडलं तर दुसरं म्या कुठून आणू?"

"लेकीला ठाऊक हाय?"

"तिनंच म्हणलं. काका, असंच लिवा म्हणली. आईला सांगू नका, ती वाचंल तव्हा वाचंल."

मला रडू आलं न्हाई. सतरा वर्सं झाली व्हती. म्या पट्टी घेतली अन् पुन्यांदा वरपासून वाचलं. मंग खालून वर वाचलं. वार तारखेशी लागत व्हता. मुहूर्त बराबर व्हता. कार्यालयाच्या नावात एक काना राह्यला व्हता, तो लावला. कोपऱ्यात "बराबर" लिहिलं अन् कागद चाचांकडं सरकवला.

चाचांनी तो जल्दी उचलला न्हाई. "सोच ले, बहन. एक खिला है, अब्भी बदलता मैं."

"चढवा," म्हणलं. "दिवस थोडे राह्यलेत."

मागं नळावर शाई धुवायचा साबण असायचा. त्यानं म्या कपाळ धुतलं. दीर दारात उभा व्हता. पाहून तो बाहेर गेला. बांगड्या घरी जाऊन काढल्या. लेक भाकरी थापत व्हती. तिनं पाह्यलं, अन् तव्यावरची भाकर उलटली. पहिली पत्रिका दिरानंच राजूरच्या गणपतीपुढं नेऊन ठेवली. लग्नात दीर-जावेनं कन्यादान केलं. मी मागं बायकांत बसले. लग्न बराबर पार पडलं. लेक चांगल्या घरी पडली, तेबी सांगते.

म्हाताऱ्या झालेल्या माझ्या सासूला कोणी सांगितलं न्हाई. ती मरस्तोवर ल्योक येईल म्हणत व्हती.

भादव्यात लेक माहेरी आली. पिशवी ठेवली अन् उभ्यानंच म्हणली, "आई, सासूबाई इचारून राह्यल्या, बाबाची तिथी कोणती? पित्राला जेवू घालत असताल ना, म्हणतेत."

पत्रिकेत गेलेल्याची तिथी लागत न्हाई. त्याचा इचार कोणीच केला न्हवता.

"सर्वपित्री सांग," म्हणलं. "ज्याची तिथी ठाऊक न्हाई त्याची अमावस्या."

सांगितलं म्हणल्यावर करावं लागलं. त्या अमावस्येला माझ्या खोलीत खीर, वडे, कढी केली. पान दिराला वाढलं. तो खाली मान घालून जेवत व्हता. दोन वडे खाल्ले अन् हात थांबला.

"वैनी, अन् तो आला तर?"

"आला तर त्यालाबी वाढीन. जेवा तुम्ही."

मंग त्यानं कढी मागितली. म्या वाढली.