धुळ्याची शिसवी काठी

जळगावात मी दर शनिवारी संध्याकाळी पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ, खेळायला जाते. मोबाइलच्या दुकानावर एक माडी आहे, तिथे तीन टेबलं आहेत. ज्युनियर कॉलेजात गणित शिकवणारी पन्नाशीची बाई तिथे खेळते याचं सुरुवातीला सगळ्यांना नवल वाटायचं, आता कुणी मान वर करून बघत नाही. गेल्या हिवाळ्यात त्या माडीच्या मालकाने मला फोनवर एक फोटो दाखवला. जुनी, हाताने बनवलेली काठी. मागची मूठ काळपट शिसवाची, आणि तिच्यात खालून वर चढत गेलेले पिवळ्या लाकडाचे चार टोकदार सुळे.

"धुळ्यात आहे, विकायचीय," तो म्हणाला. "कंपनीची नाही. कुणी बनवली माहीत नाही. मॅडम, तुम्हालाच यातलं कळतं म्हणून दाखवतोय."

यातलं मला कळतं ते वडिलांमुळे. ते दीपनगरला वीज केंद्रात होते आणि माझं लहानपण तिथल्या वसाहतीत गेलं. क्लबात पूलचं एक टेबल होतं. बायका क्लबात यायच्या त्या हळदीकुंकवाला आणि हाउजीला. टेबलाच्या खोलीत पुरुषच असायचे. पण सुटीच्या दिवशी सकाळी खोली रिकामी असे, आणि वडील मला बरोबर न्यायचे. आधी आम्ही दोघं मिळून हिरव्या कापडावरची धूळ ब्रशने झाडायचो. मग ते भिंतीवरच्या स्टँडमधल्या साताठ काठ्या एकेक करून काढायचे आणि टेबलावर गरगर लोळवायचे. वाकडी काठी लोळताना मध्येच उड्या मारते. "ही बघ, लंगडतेय," असं म्हणून ते ती परत ठेवायचे. सगळ्यात कमी लंगडणारी काठी माझ्या हातात यायची, दुसरी ते घ्यायचे.

स्वतःची काठी त्यांनी कधी घेतली नाही. घ्यावीशी त्यांना खूप वाटायची. मुंबईला कामानिमित्त गेले की खेळाच्या दुकानात तासभर थांबायचे, काठ्या हातात घ्यायचे, डोळ्याशी धरून बघायचे, बोटाने टिचकी मारून कानाशी न्यायचे आणि मग परत येऊन मला सगळं सांगायचे. बाजारातून आंबे न आणता नुसता वास घेऊन यावं तसं ते वर्णन असायचं, असं आई म्हणायची.

लग्नानंतर मी चोपड्याला गेले. केळी, कापूस, गुरं, दोन मुलं. बावीस वर्षं मी काठीला हात लावला नाही, आणि त्याचं फार दुःख केलं असंही नाही. मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात बिऱ्हाड केलं, मला नोकरी लागली. वडील वारले त्या वर्षी मी एकदा मोबाइलचं कव्हर घ्यायला त्या दुकानात गेले असताना वरून चेंडूंचा टकटक आवाज आला. मी कव्हर न घेताच जिना चढले. तेव्हापासून जातेय.

"काठी बघायला धुळ्याला?" नवऱ्याने विचारलं. तो चोपड्याहून केळीचे घड घेऊन आला होता.

"हो. घेईनच असं नाही."

"घेणार तू," तो म्हणाला, आणि घड जिन्याखाली टांगायला गेला.

रविवारी सकाळच्या एसटीने मी निघाले. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचायला अकरा वाजले. फोटो टाकणारा मुलगा सुरतेला नोकरीला होता. त्याने पत्ता दिला होता आणि आईला सांगून ठेवलं होतं. जुन्या वस्तीतलं बैठं घर. पुढच्या खोलीच्या जागी पूर्वी दुकान असावं, कारण दाराला अजून लोखंडी शटर होतं. सत्तरीच्या पुढची, बारीक अंगाची बाई खुर्चीत वाट बघत बसली होती. मुलगा फोनवर तिला अक्का म्हणत होता, म्हणून मीही अक्का म्हटलं.

"ये व माय, बस," ती म्हणाली. चहा झाला. मग तिने कपाटावरून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली काठी खाली काढली.

मी बोलण्याआधी काठी हातात घेतली. वडिलांनी लावलेली सवय. आधी मूठ. शिसवाच्या अंगात ते पिवळे सुळे इतके घट्ट बसले होते की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. पकडायच्या जागी दोरा गुंडाळला होता, मेण लावलेला सुती दोरा, एकेक वेढा दुसऱ्याला चिकटून, आणि दोरा जिथे संपतो ते टोक कुठे दडवलंय ते शोधूनही सापडेना. मधला पितळी जोड फिरवला. आटे गुळगुळीत, शेवटच्या अर्ध्या वळशाला थोडा जोर लागला आणि दोन्ही भाग एक झाले. कारखान्यातल्या भारी काठ्यांनाही जोडापाशी एक बारीक रेघ दिसते. इथे ती बघायला मला चष्मा काढून डोळे जवळ न्यावे लागले.

चारांतला एक सुळा मात्र आखूड होता. तांदळाच्या दाण्याएवढ्या फरकाने.

मी काठी फरशीवर लोळवली आणि माझं मन खट्टू झालं. ती लंगडत होती. मूठ आणि पुढची दांडी वेगळी करून पुन्हा लोळवून बघितली. मूठ सरळ चालली. दांडी मधोमध वाकली होती. मग दांडी लावून मुठीचं बूड फरशीवर हलकेच आपटलं, तर आतून बारीक झणझण ऐकू आली. आत काहीतरी सैल होतं.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिने काठीची किंमत सांगितली नाही, मीही विचारली नाही. तिने विचारलं ते वेगळंच.

"चांगली शे का?"

मी काठी पुन्हा डोळ्याशी धरली. तेव्हा तिने तिच्या नवऱ्याबद्दल सांगितलं. तिचं बोलणं अहिराणीत होतं, मी इथे माझ्या भाषेत लिहिते. तो कातारी होता. पुढच्या खोलीत त्याचा लेथ होता. लाटणी, पाळण्याचे खूर, खाटेचे पाय, पोरांचे भोवरे, असं सगळं तो कातून द्यायचा. एक डॉक्टर त्याच्याकडे मोडलेली परदेशी काठी घेऊन आला, सांधून मिळेल का म्हणून. त्याने ती सांधून दिली, पण त्याआधी चार दिवस ती उलगडून, मोजून, कागदावर उतरवून घेतली. मग त्या डॉक्टरच्या ओळखीने त्याने सात-आठ काठ्या केल्या. लोक यायचे, काठी न्यायचे. तो स्वतः हा खेळ कधी खेळला नाही. त्या डॉक्टरच्या क्लबाच्या व्हरांड्यापर्यंत गेला होता, आत नाही. त्याच्या काठीने कुणी कसं खेळलं, हे त्याला एकानेही येऊन सांगितलं नाही.

"मग ही कुणासाठी केली?" मी विचारलं.

"कोनासाठीच नही," ती म्हणाली.

शेवटची काठी त्याने कुणी न सांगता केली. सातपुड्यातलं हळदूचं पिवळं लाकूड त्याने बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. दोन हिवाळे तो ती करत होता, थोडं कातायचं, महिनाभर टांगून ठेवायचं, पुन्हा थोडं कातायचं. मग हाताला कंप सुटला आणि लेथ बंद झाला. काठी गुंडाळून ठेवली ती ठेवलीच, तो वारल्यावरही.

"बठ्ठा देखतस नि जातस," फोटो बघून येणाऱ्या सगळ्यांबद्दल अक्का म्हणाली. "आते तू सांग. खरं सांगजो."

मी खरं सांगायचं ठरवलं. मूठ फार सुंदर झालीय, असं काम मी हातात धरून कधी पाहिलं नाही, असं मी म्हटलं. पण पुढची दांडी वाकलीय, खेळता येणार नाही. आणि आत काहीतरी वाजतंय. एक सुळाही जरा आखूड आहे.

सुळ्याचं ऐकून ती हसली. "ते त्यास्ले माहीत व्हतं. दोन दिन धड जेवनात नहीत."

मग ती उठली, आत गेली आणि दुसरं एक गाठोडं घेऊन आली. त्यात आणखी एक दांडी होती. एक बिघडली तर असावी म्हणून त्याने दोन केल्या होत्या, आणि ही आडवी, कपड्यांच्या मध्ये राहिली होती. मी ती खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला आणि हळूहळू फिरवली. फरशीवर लोळवली. अजिबात उडी न मारता ती भिंतीपर्यंत सरळ गेली. आतल्या झणझणीचंही कारण सापडलं. बुडाच्या रबराचा स्क्रू ढिला झाला होता. अक्काने टेबलाच्या खणातून नवऱ्याचा स्क्रू-ड्रायव्हर काढून दिला, मी तो आवळला, आणि पुन्हा आपटल्यावर नुसता एक भरीव ठोका आला.

"पण खेळून बघितल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही," मी म्हटलं. "इथे जवळ कुठे टेबल आहे का?"

बाजाराकडे एक पार्लर होतं. रिक्षाने पाच मिनिटं. मी निघाले तेव्हा अक्काही पायात चपला घालत होती.

भर दुपारची वेळ, एकाच टेबलावर दोन कॉलेजचे विद्यार्थी खेळत होते. पार्लरच्या मालकाने आम्हा दोघींकडे बघितलं, अक्काला प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि पंखा तिच्याकडे वळवला. मी चेंडू मांडले.

पहिले तीन-चार फटके चुकले. ही दांडी आजकालच्या दांड्यांपेक्षा जाड आणि ताठ. बाजूने फिरकी देऊन मारलं की पांढरा चेंडू माझ्या अंदाजापेक्षा जास्त बाजूला सरकत होता. शिवाय दांडीवर त्याने पॉलिश चढवलं होतं, त्यामुळे ती डाव्या हाताच्या बोटांत चिकटत होती. मला घाम आला. अक्का मागे बसलीय, आणि मी चेंडूमागून चेंडू चुकवतेय. त्या क्षणी मला वडील आठवले, त्यांचे शब्द नाहीत, नुसती ती पद्धत. मी चुकले की ते काही न बोलता माझी उजवी मूठ दोन बोटांनी सैल करायचे. बस, तेवढंच.

मी मूठ सैल केली. बोटांवर ओढणी गुंडाळली, म्हणजे दांडी सरकेल. फिरकीचा नाद सोडून सरळ मारलं. लाल चेंडू कोपऱ्यातल्या खिशात गेला आणि पांढरा जिथे आदळला तिथेच थांबला, एक बोटभरही हलला नाही. पुढचा फटका खालून मारला. पांढरा चेंडू आदळला, क्षणभर जागच्या जागी फिरला आणि सरळ माझ्याकडे परत आला, टेबलाच्या निम्म्यापर्यंत. काठी हातात कुठेच थरथरली नाही. वजन नेमकं मुठीच्या पुढे, जिथे हवं तिथे होतं. ते त्याने कसं ठरवलं असेल, कधी न खेळता, हे मला आजही कळलेलं नाही.

विद्यार्थी आपला खेळ थांबवून बघायला आले. मी एकामागून एक सहा चेंडू घातले. सातवा चुकला.

वळून बघितलं तर अक्का खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती.

"त्यास्ना हातमा असाच आवाज येये," ती म्हणाली. तो दांडीवर टिचकी मारून ऐकत बसायचा, तेव्हा ती स्वयंपाकघरातून वैतागायची, असं तिने सांगितलं. त्या आवाजाचं काय करायचं असतं ते आज दिसलं.

मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं नीट सांगितलं. काठी सरळ चालते. ताकद वाया घालवत नाही. पॉलिश चुकलंय, दांडी कोरी ठेवायला हवी होती, ते मी घासून काढीन. जाडी जुन्या पद्धतीची आहे, मला सवय करावी लागेल. पण खेळणाऱ्या माणसाने आयुष्यभर वापरावी अशी झालीय. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, दवाखान्यात डॉक्टर बोलतो तेव्हा हलवतात तशी. पॉलिशचं ऐकल्यावर म्हणाली, "ते मीच सांगेल व्हतं. चमकाले पाहिजे म्हनीसन."

आम्ही दोघी हसलो, आणि मग तिने डोळ्यांना पदर लावला. मी दुसरीकडे बघितलं. माझ्या वडिलांना ही काठी दहा मिनिटं हातात मिळायला हवी होती, एवढंच डोक्यात येत होतं. या दोन माणसांत सव्वाशे किलोमीटरचं अंतर होतं. एकाला चांगली काठी हवी होती, आणि दुसऱ्याला ती बघून काही बोलणारं माणूस.

काठी मी घेतली. अक्काने मुलाने सांगितलेल्या आकड्यातून काही रुपये कमी केले, मी ते ऐकून घेतलं नाही. वाकडी दांडी तिने स्वतःकडे ठेवून घेतली. परतीच्या एसटीत काठी मांडीवर आडवी धरून बसले होते, पारोळ्याला चढलेल्या एका बाईने विचारलं की बासरी आहे का. मी हो म्हटलं, समजावून सांगायची ताकद नव्हती.

घरी बारीक पॉलिश पेपरने दांडी घासली. चार संध्याकाळी गेल्या. आता ती बोटांत छान सरकते. या उन्हाळ्यात आमच्या माडीवर स्पर्धा झाली, त्यात मी दुसऱ्या फेरीत हरले. मला हरवणारा फैजपूरचा तरुण होता. खेळ संपल्यावर त्याने विचारून काठी घेतली, टेबलावर लोळवली, डोळ्याशी धरली.

"कुठून मागवली, मॅडम?"

"धुळ्याहून."

त्याचा विश्वास बसला नाही. मग म्हणाला, "त्यांना विचारा ना, मला एक करून देतील का."

त्या रात्री अक्काला फोन केला आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. हरल्याचंही सांगितलं. मग तिने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, तो कोण, कुठला, काठी कशी धरली, नेमकं काय म्हणाला. मी पुन्हा सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "आते व्हत नही, असं सांग त्याले." आणि मग आज भाजी काय केली होती ते विचारलं.