घोट्याशी बोलणाऱ्या ताई

ताई पेशंटशी कमी आणि त्याच्या घोट्याशी जास्त बोलत. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, तेलीबांधा भागातल्या त्यांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझा उजवा पाय मांडीवर घेऊन त्या पायालाच म्हणाल्या, "काहून भेवून राहिला रे? मी आहो ना." बाकी सगळे त्यांना दीदी म्हणत. मी मात्र ते आपल्या घरचं बोलणं ऐकलं आणि ताई म्हणू लागले.

कॉलेजात खो-खो खेळताना माझा पाय मुरगळला होता. सूज उतरली, पण घोटा तेव्हापासून कधीही दगा देई. एकदा सदर बाजारात भर गर्दीत तो वळला आणि मी एका स्कूटरसमोर पडले. स्कूटरवाल्यानं कसाबसा ब्रेक लावला म्हणून वाचले. त्यानंतर आईशिवाय मी रस्ता ओलांडत नसे.

ताई एका हातानं नडगी धरत आणि दुसऱ्या हातानं घोट्याचं हाड हलके हलके मागे ढकलत. तेवढा वेळ डोळे मिटून घेत. मग मला एका पायावर उभं करत. मी भिंतीकडे हात नेला की म्हणत, "सांधा मी मोकळा करून देईन. भरोसा तुले ठेवा लागन." एके सकाळी त्यांनी मला तलावाकाठच्या उंचसखल मातीवर चालायला लावलं. मी रडकुंडीला आले, पण चालले. परतताना त्या माझ्या पायाला म्हणाल्या, "पाह्यलं? काही झालं का?"

दोनेक वर्षांनी तोच पाय पुन्हा मुरगळला. ताईंनी नेहमीसारखा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"दुखलं नाही ताई," मी म्हणाले.

"तुले नाही. मले दुखलं."

तेव्हा कुठे मी त्यांची बोटं नीट पाहिली. सांधे सुजून लाल झाले होते. संधिवात होता, आणि त्यांनी तो कुणाला कळू दिला नव्हता. "आता हाताले सांधा समजून नाही राहिला," एवढंच म्हणाल्या. तिथूनच त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला, माझा घोटा त्यांना समजावून सांगितला आणि शेवटी म्हणाल्या, "बच्ची डरती है, जल्दी मत करना." काही महिन्यांनी दवाखाना बंद झाला. ताईंचं लग्न झालेलं नव्हतं. त्या गोंदियाला भावाकडे गेल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. तोच संधिवात फुप्फुसांपर्यंत गेला होता.

त्याआधी एकदाच मी गोंदियाला जाऊन आले. भावजय त्यांना चमच्यानं चहा पाजत होती. निघताना ताईंनी ती वाकडी झालेली बोटं माझ्यापुढे केली. हात धरावा की नाही, मला कळेना.

"धर ना," त्या म्हणाल्या. "दुखन. दुखू दे."

मी धरला. गाडीची वेळ झाली म्हणून भाऊ दारात येऊन उभे राहिले, तरी ताईंनी हात सोडला नाही.