नवऱ्याच्या दुकानातली दुसरी गोळी

जाम गावच्या चौकात आमचं मेडिकल आहे. भिंतीवर काचेत फार्मसीचं सर्टिफिकेट लावलंय, ते दिराचं. दीर नोकरीला नागपुरात. दुकानात बसतो माझा नवरा, बी.ए. पास. सारा चौक त्याला डॉक्टर म्हणतो आणि तोही कधी नको म्हणत नाही.

मला अर्धशिशी लग्नाआधीपासूनची. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, हिच्या जोडीला डोकेदुखीची दुसरी कुठलीच गोळी घ्यायची नाही. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ती घेतली, तरी ठणका थांबेना. नवऱ्याने लगेच कात्रीने स्ट्रिपमधली एक गोळी कापून दिली.

"घे. रोज धा जणाईले देतो मी."

मीही अक्कल गहाण ठेवून गिळली. तासाभराने डोक्यात अशी कळ उठली की आजवरची अर्धशिशी लाडाची वाटावी. उजवीकडचं दिसेनासं झालं.

वर्ध्याला मेंदूचे फोटो निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूच्या नसा जागोजागी आवळल्यात. असं क्वचितच होतं, पण नसा आवळणाऱ्या दोन गोळ्या एकावर एक पडल्या की होऊ शकतं. लगेच थांबवलं तर बहुतेक सुटतात, नाहीतर लकव्याची भीती. आणखी काय घेतलं होतं?"

"काईच नाई, मॅडम," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

माझा मेंदू गेला तरी चालेल, त्याची डॉक्टरकी शाबूत राहायला हवी! इतका संताप आला की जड जिभेनेच मी बोलले, "यायनंच देली. दुकानातली." मग त्याला गोळीचं नाव सांगावंच लागलं.

दोन्ही गोळ्या बंद झाल्या. नसा सुटायला दोन महिने गेले. दिसायलाही लागलं.

बरी झाल्यावर एका सकाळी दुकानामागच्या खोलीत बसले होते. गिरडची एक बाई डोक्याला दुपट्टा आवळून काउंटरवर आली.

"भाऊ, डाक्टरची गोळी घेतली, पन डोकं थांबून नाई राह्यलं. तिच्यावर दुसरी चालन का?"

"बिनधास्त घ्या, ताई. माही बायको घेते."

मी पडदा सारून बाहेर आले.

"घेतलती. आता मले काय झालं, थे सांगा ताईले."

नवरा फळीवरचे खोके नीट लावायला वळला. मग मीच सांगितलं, बाहेर उभ्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.