मौनियाची हाक

पाडव्याच्या सकाळी सुमनच्या छातीत कळ आली तेव्हा माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही, शिवी निघाली. खोटं कशाला सांगू? मी रेल्वेतला रिटायर गार्ड, तोंडाचा फाटका माणूस. देवाधर्माचं सगळं खातं हिच्याकडे. दिवाळीला आम्ही झाशीहून आमच्या मुलीकडे, नंदाकडे, गरौठ्याला गेलो होतो. ती तिथल्या तहसील कचेरीत नोकरीला आहे. मला ओवाळायला म्हणून सुमननं तबक हातात घेतलं आणि ती मटकन खालीच बसली. घामानं नुसती निथळत होती. गल्लीतल्या डॉक्टरनं तिच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि मला बाजूला नेऊन सांगितलं, "बाबूजी, देर मत कीजिए. सीधे झाँसी ले जाइए." सणाच्या दिवशी अँब्युलन्स कुठली मिळायला? मीच आमची जुनी मारुती काढली. नंदा आईचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली.

तो रस्ता म्हणजे एका गाडीपुरती डांबराची पट्टी. समोरून कोणी आलं की दोघांपैकी एकानं मातीत उतरायचं. पावसानं दोन्ही कडा खाल्लेल्या, त्यामुळे चाक खाली गेलं की गाडी आदळायची आणि मागून सुमनचं कण्हणं ऐकू यायचं. आभाळ अवेळी भरून आलं होतं. मी स्टिअरिंग धरून मनातल्या मनात देवाशी भांडत होतो. हिनं एवढे उपासतापास केले, चतुर्थी कधी चुकवली नाही, त्याचं हे फळ? अरे, असशील तर बोल काहीतरी! पण कसलं काय. वरून कधी कोणी बोललंय?

आणि तेवढ्यात पुढे सायकलींचा जथा लागला. दहा-बारा जण, अख्खा रस्ता व्यापून चाललेले. कमरेला कवड्यांचे पट्टे, पायात घुंगरू, हँडलला मोरपिसांच्या जुड्या बांधलेल्या. मी हॉर्न दिला. कोणी हललं नाही, की मागे वळून पाहिलं नाही. पुन्हा दिला, दाबूनच धरला. शेवटच्या सायकलस्वारानं नुसता तळवा मागे करून 'थांबा' अशी खूण केली.

"बाबा, मौनिया आहेत ते," नंदा म्हणाली. "आज बोलायचे नाहीत."

मला काय ठाऊक नव्हतं? जन्म झाशीत गेला माझा. आमच्या बुंदेलखंडात गुराखी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, मौन धरतात आणि बारा गावांची फेरी करतात. गाईगुरांना बरकत यावी म्हणून. असं ओळीनं बारा वर्षं करायचं. मध्ये एकदा जरी तोंडून शब्द गेला तरी सगळं वाया, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. पूर्वी पायी फिरायचे, आता सायकली आल्या. ठाऊक होतं हो सगळं. पण त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की माझी बायको मरतेय आणि हे लोक रस्ता अडवून सणाला निघालेत.

रेल्वेत आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात की सिग्नलची बत्ती विझलेली असली तर तो लालच समजायचा. उत्तर आलं नाही म्हणजे थांबायचं. सगळी नोकरी मी तसा वागलो. त्या दिवशी मात्र कोणी तोंडानं 'नाही' म्हणत नाही तर जाऊ या, असं मनाशी म्हणत गाडी उजवीकडे काढली. पुढे वळण होतं. पुरुषभर उंचीची तूर उभी, त्यामुळे वळणापलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी ॲक्सिलरेटर दाबला.

"रुक जाओ! ट्रक आ रओ!"

अशी हाक मी जन्मात ऐकली नाही. पोटातून फाडून काढलेली. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. वळणातून विटांनी भरलेला ट्रक आला आणि आमच्या बंपरला जवळजवळ चाटून, एक चाक मातीत घालत निघून गेला. धूळ खाली बसली तेव्हा सगळे मौनिया सायकलींवरून उतरले होते. त्यांच्यातला एक म्हातारा दोन्ही हात डोक्यावर मारून घेत होता. सगळ्यांत पुढचा, चाळिशीचा काळासावळा गडी, त्याचा चेहरा राखेसारखा पडला होता. हाक त्याचीच होती.

तो खिडकीशी आला. मला वाटलं आता हा माझी गचांडी धरणार, आणि धरली असती तरी योग्यच होतं. पण त्याची नजर मागे सुमनवर गेली.

"बाई बीमार हैं?"

मी मान हलवली. त्यानं वळून हात केला, तशा सगळ्या सायकली मातीत उतरल्या. तो स्वतः वळणापर्यंत गेला, पलीकडे नीट पाहिलं आणि मोरपिसांची जुडी वर करून हलवली, आम्ही गार्ड लोक हिरवी झेंडी हलवतो तशी. मी हळूहळू गाडी पुढे घेतली. त्याच्याजवळून जाताना सुमननं त्या अवस्थेतही हात जोडले.

पुढे सबंध रस्ता मी सावकाश चालवली. गाडी आदळेना, म्हणून तिचं कण्हणंही थांबलं. झाशीच्या हॉस्पिटलात तिला पलंग मिळाला, ऑक्सिजन मिळाला. भाऊबीजेपर्यंत ती राहिली. नंदाशी बोलली, माझ्याशी बोलली, कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं, तुम्हाला चहा करता येत नाही म्हणून रडली आणि हसलीही. तिला भाऊ नव्हता, दर वर्षी चंद्राला ओवाळायची. त्या दुपारी मला म्हणाली, "अहो, तो मला ओळखत नव्हता हो. तरी बोलला. त्याला नक्की भेटून या." संध्याकाळी ती गेली.

तेराव्यानंतर मी शोधत शोधत त्याच्या गावी गेलो. नाव हरचरण. त्याचं ते बारावं वर्ष होतं. शेवटचं. संध्याकाळी फेरी पुरी झाली की व्रताचं उद्यापन होतं. हे मला त्याच्या आईनं सांगितलं, माझ्याकडे न पाहता. मी याला कोणत्या तोंडानं सांगू, की जिच्यासाठी बोललास ती वाचली नाही? सांगितलं. तो गोठ्यात शेण ओढत होता, त्यानं फावडं भिंतीला टेकवलं.

मग विचारलं, "जात बेरा कोऊ पास हतो?"

जाताना कोणी जवळ होतं का, एवढंच. मी म्हटलं, मी होतो. मुलगी होती. एक हात माझ्या हातात होता, एक तिच्या.

"तौ हमाओ मौन सुफल भओ," तो म्हणाला, मग माझं मौन फळाला आलं, आणि पुन्हा कामाला लागला.

सुमन गेल्यावर मी रडलो नव्हतो. त्याच्या गोठ्यात, गाईच्या पाठीवर डोकं टेकून रडलो. देवाकडे मी तिचा जीव मागितला होता, तो त्यानं दिला नाही. का दिला नाही, हे मी आता विचारत नाही. पण ती रस्त्यावर विटांखाली गेली नाही, माझ्या हातात हात ठेवून गेली, आणि तेवढ्यासाठी एका परक्या माणसानं आपली बारा वर्षं एका हाकेत देऊन टाकली. याहून मोठं मागणं मला सुचलंच नसतं. आता सायकलींचा जथा दिसला की मी गाडी मागे ठेवतो, त्यांच्या चालीनं चालतो. मागचे हॉर्न देतात. देऊ देत.

हरचरणनं पुढच्या दिवाळीला पुन्हा मौन धरलं. पहिलं वर्ष.