पुढं केलेले पाय

वडगावच्या विणकराची लेक पूर्णिमा सर्जरी शिकायला लागली आणि महिन्याभरातच मोठे सर तिच्या मनातून उतरले. सर पोटावर पहिला छेद द्यायचे आणि 'चालू द्या' म्हणून चहाला जायचे. ऑपरेशन सीनियरनं करायचं, तीन-तीन तास. शेवटचा टाका पडला की नातेवाइकांपुढं मात्र सर हजर, अंगावरच्या इस्त्रीची घडीही न मोडता. आयत्या बिळावरचा नागोबा! कुणी पाया पडायला वाकलं, की हा गृहस्थ पाय चांगला पुढं करायचा.

"लई निर्लज्ज माणूस," ती आईला सांगायची. "माझ्या पाया कुणी पडाय लागलं, तर मी मागं सरकीन."

तिसऱ्या वर्षी ती सीनियर झाली. निपाणीच्या राजाबाईच्या नातवाचं अपेंडिक्स तिच्या ज्युनियरनं, अमृतनं काढलं. ती शेजारच्या खोलीत चहा पीत होती. बाहेर मात्र तीच पुढं गेली.

"बाई, तुमीच केलासा न्हवं आपरेशन?" राजाबाईनं विचारलं.

"व्हय."

म्हातारी वाकली. पूर्णिमा मागं सरकली नाही. घामानं भिजलेला अमृत दारातून तिच्या पायांकडं बघत होता. ती नजर पूर्णिमाच्या चांगल्या ओळखीची होती.