चौकातला फ्लेक्स आणि दोन ट्रंका

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझी बायको म्हणते. खोटं बोलते असं नाही, पण ती ते पाहुण्यांसमोर म्हणते आणि फुलबाजारातल्या आडत्यासमोरही म्हणते. मखमलाबादच्या पुढे आमची झेंडूची शेती आहे. रोज सकाळी टेम्पोत कॅरेट भरून मी पंचवटीला जातो आणि जाता-येता आमच्या चौकात थांबतो. चहासाठी थांबतो असं घरी सांगतो. खरं तर बोलायला थांबतो. माझ्याकडे आलेली बातमी चहा गार व्हायच्या आत चौकात पसरलेली असते, आणि यात आपलं काही चुकतंय असं मला बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

मुलगी बारावीत असताना तिने पुण्याजवळच्या सैनिकी अकादमीची लेखी परीक्षा दिली आणि पास झाली. पुढची मुलाखत भोपाळला. मुलाखत म्हणजे टेबलाच्या पलीकडे साहेब आणि अलीकडे आपण, एवढंच मला माहीत. तिने सांगितलं की ती चार-पाच दिवस चालते, दोरीवर चढायचं असतं, गोष्टी लिहायच्या असतात, ओंडके घेऊन सगळ्यांनी मिळून खड्डा ओलांडायचा असतो. मी म्हणालो, "ओंडकेच उचलायचे तर एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या बांधावर बाभळ पडलीय तेवढी उचल." ती हसली नाही. तिने बॅग भरली आणि गेली.

शेवटच्या दिवशी तिचा फोन आला. "पप्पा, रेकमेंड झाले. आता मेडिकलला इथंच थांबावं लागेल, आणि मग..."

त्या 'आणि मग'च्या पुढचं मी काही ऐकलं नाही. फोन चालू ठेवून तसाच बायकोला हाका मारत सुटलो. नंतर लक्षात आलं की फोन कधीच कट झाला होता. कट मीच केला होता.

संध्याकाळी मी फ्लेक्सवाल्याकडे बसलो होतो. आमच्याकडे कुणाचा वाढदिवस असो, कुणी निवडून येवो की कुणाचा बैल शर्यतीत पहिला येवो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ते झालं असं कुणी धरत नाही. फ्लेक्सवाल्याने विचारलं, "पाठीमागं काय टाकू? रणगाडा, विमान का जहाज?"

"तिन्ही टाक," मी म्हणालो.

मुलीचा फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा होता, त्यात तिने डोळे अर्धवट मिटलेले. माझा फोटो मात्र चुलतभावाच्या लग्नातला, फेटा आणि गॉगल घातलेला. खाली शुभेच्छुकांची रांग: किराणा दुकानदार, सलूनवाला, टपरीवाला आणि दर निवडणुकीला उभा राहायची इच्छा असलेला माझा चुलतभाऊ. वर मोठ्या अक्षरात 'आमच्या परिसराची शान, भावी अधिकारी'. फ्लेक्स लागल्यावर कुणीतरी म्हणालं की पप्पाचा फोटो पोरीपेक्षा मोठा झालाय. मी म्हणालो, छापताना झालं असेल. छापताना मी तिथेच उभा होतो.

मुलगी मेडिकल उरकून आली तेव्हा मी तिला घ्यायला गेलो नव्हतो, कारण घरी पेढे आणि शाल-श्रीफळाची तयारी चालली होती. ती रिक्षाने आली. चौकात उतरली आणि फ्लेक्ससमोर उभी राहिली, असं टपरीवाल्याने नंतर सांगितलं. सगळा वाचला म्हणे, शुभेच्छुकांच्या नावांसकट. घरी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "पप्पा, निवड नाही झाली अजून."

"अगं, फोनवर तूच तर सांगितलंस."

"शिफारस झालीय. मेडिकलचा निकाल यायचाय. त्यानंतर सगळ्या देशाची मिळून यादी लागते. त्यात नाव आलं तर पत्र येतं. मुलींच्या जागा थोड्या असतात. फोनवर हेच सांगत होते मी."

पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात होता. तो मी उगाच बायकोकडे दिला, तिने तो उगाच फ्रिजमध्ये ठेवला.

आता फ्लेक्स काढावा की राहू द्यावा? काढला तर लोक विचारणार का काढला. राहू दिला तर लोक विचारणार पोरगी कधी निघणार. मी राहू दिला. रोज टेम्पो त्याच्याखालून नेताना मी मान खाली घालायचो, आणि वरून माझाच गॉगल माझ्याकडे बघायचा. "कधी निघायचं म्हणतेय पोरगी?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "सरकारी काम हाय, टाइम लागतो." यादी लागेपर्यंत मी इतक्या लोकांना इतक्या वेळा हे सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं.

यादी लागली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मोबाईलवर बघत होती. खालपर्यंत गेली, परत वर आली, परत खाली गेली. मग मोबाईल पालथा ठेवून म्हणाली, "नाही." बायको म्हणाली, "जाऊ दे गं, पुढच्या वेळी होईल." मी म्हणालो, "त्यात काय एवढं." दोघंही इतक्या हसऱ्या आवाजात बोललो की ती उठून आत गेली.

दिवेलागणीला मी शिडी घेऊन चौकात गेलो. फ्लेक्सच्या दोऱ्या माझ्या मीच आवळून बांधलेल्या, सुटता सुटेनात. किराणावाला दुकानातून आला आणि शिडी धरून उभा राहिला. त्याने काही विचारलं नाही. त्याचा स्वतःचा फोटोही होता त्यावर. मला त्या दिवशी रडू आलं आणि मी ते शिडीवर उभं राहूनच उरकलं.

चांगला फ्लेक्स कुणी टाकून देत नाही. तो शेतातल्या शेडमध्ये गेला आणि कॅरेट झाकायच्या कामी आला. छापलेली बाजू आत करायची असं मी ठरवलं होतं, पण वाऱ्याने तो उलटा व्हायचा. मुलगी शेडमध्ये आली की आधी तो सरळ करायची, म्हणजे कोरी बाजू वर. मग कामाला लागायची.

कॉलेजच्या पहिल्या वर्षात तिने परत परीक्षा दिली. परत लेखी झाली, परत भोपाळला जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "झालं." बस, एवढंच. मी जेवताना विचारलं, टेम्पोत विचारलं, बायकोला पुढे करून विचारलं. तिने एकच उत्तर ठेवलं होतं, "यादी लागेल तेव्हा बघू." बायको मला म्हणाली, "तुमच्यामुळं ती मलाही सांगत नाही." ते बरोबर होतं.

दसरा जवळ आला होता, म्हणजे आमची वर्षातली सगळ्यात मोठी तोडणी. एका सकाळी मी आणि मुलगी समोरासमोरच्या ओळीत झेंडू खुडत होतो. मजूर वरच्या तुकड्यात होते. मान वर न करता ती म्हणाली, "पप्पा, यादीत नाव आलंय माझं."

मी उभा राहिलो.

"खाली बसा," ती म्हणाली. मी बसलो.

"मोबाईल खिशात ठेवा."

मोबाईल माझ्या हातात कधी आला ते मलाच कळलं नव्हतं. मी तो ठेवला.

"पत्र हातात पडेस्तोवर कुणाला सांगायचं नाही. चौकात नाही, आडत्याला नाही, मम्मीलाही नाही."

"मम्मीला पण नाही? अगं, तिला कसं..."

"मम्मीला कळलं की मावशीला कळतं. मावशीला कळलं की सगळ्या पिंपळगाव बसवंतला कळतं. तुम्हाला एकदा फटका बसलाय, तुम्ही नाही बोलणार. फक्त तुम्हालाच सांगतेय."

माझा ऊर इतका भरून आला की हातातली फुलं मी कॅरेटऐवजी खिशात घातली. फक्त मला. आईलाही नाही, मला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर न बोलण्यासाठी विश्वास टाकला होता.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. चौकात थांबायचं बंद केलं. टपरीवाल्याला वाटलं मी रागावलोय. त्याने स्वतः चहा टेम्पोत आणून दिला तर मी तो तोंड भाजेस्तोवर एका घोटात प्यायलो आणि निघालो. आडत्या म्हणाला, "काय हो, पोरीचं यंदाही नाय झालं वाटतं?" मी म्हणालो, "बघू." तो हळहळला आणि म्हणाला, "जाऊ द्या, लग्नाचं बघा आता." त्याला तिथल्या तिथे काय सांगावंसं वाटलं म्हणून सांगू. जीभ दाताखाली धरली आणि झेंडूचा भाव विचारला.

घरी बायकोची मला फार दया यायची. बिचारी. पोरीची एवढी मोठी गोष्ट, आणि आईलाच पत्ता नाही. त्या दिवसांत मी तिच्याशी अगदी मऊ वागलो, भाजीत मीठ कमी असलं तरी बोललो नाही. तीही माझ्याशी विचित्र चांगली वागत होती. काही सण नसताना शिरा केला. एकदा जेवताना माझ्याकडे इतकं मायेने बघत होती की मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, तुम्ही जेवा." मला वाटलं, वय झालं की माणूस प्रेमळ होतो.

अकादमीत काळी लोखंडी ट्रंक लागते, हे मागच्याच वेळी मी चौकशी करून ठेवलं होतं. जुन्या नाशकातून एक चांगली जाड पत्र्याची ट्रंक घेतली, टेम्पोतून शेडमध्ये नेली आणि कॅरेटच्या मागे ठेवून वर तोच फ्लेक्स टाकला. रोज एकदा जाऊन बघून यायचो. कडी लावायची, काढायची, परत लावायची. एवढंच.

एका दुपारी गेलो तर बायको शेडमध्ये बसलेली. एका काळ्या ट्रंकेवर बसलेली होती आणि समोरच्या दुसऱ्या काळ्या ट्रंकेकडे बघत होती. फ्लेक्स बाजूला पडलेला.

"ही कुणाची?" तिने समोरच्या ट्रंकेकडे बोट करून विचारलं.

"झेंडूच्या बियाण्याला," मी म्हणालो. "आणि तुझ्या बुडाखालची?"

"गोधड्यांना. आत्ताच आणली."

थोडा वेळ आम्ही दोघं बियाणं आणि गोधड्या यांवर ठाम राहिलो. मग तिने विचारलं, "तुम्हाला केव्हा सांगितलं?"

"तोडणीच्या दिवशी. तुला?"

"आदल्या दिवशी. भाकरी थापताना. फक्त तुलाच सांगतेय म्हणाली. पप्पांना कळलं की चौकाला कळतं म्हणाली."

म्हणजे मी पहिलाही नव्हतो. आणि ज्या बाईची मी इतके दिवस कीव करत होतो ती माझी कीव करत होती. तो शिरा त्यातलाच. मला राग यायला हवा होता, पण ती ट्रंकेवर बसून तोंडाला पदर लावून हसत होती आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, मग माझ्याही आलं. दोघांनी एकमेकांसमोर रडून घेतलं. मागच्या वर्षी ते राहून गेलं होतं.

संध्याकाळी मुलगी कॉलेजहून आली तेव्हा आम्ही दोघं गंभीर चेहरे करून बसलो होतो. तिने ओळखलं. दप्तरातून कागद काढून पुढे ठेवला. "सकाळी मेलवर आलं. प्रिंट काढून आणलं."

पत्र बायकोने हातात धरलं, मी तिच्या खांद्यावरून वाचलं. इंग्रजी होतं, सगळं कळलं नाही, पण मुलीचं नाव ओळखता आलं. मग मी जरा आवाज चढवून म्हणालो, "दोघांना वेगवेगळं सांगून झुलवायची काय गरज होती? एकत्र बसवून सांगितलं असतंस."

तिने पत्राच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मागच्या वेळी माझी बातमी मला चौकात वाचायला मिळाली, पप्पा. घरी यायच्या आधी. माझ्या तोंडून ती कुणाला सांगायची राहिलीच नाही. नाव आलं नाही त्याचं वाईट वाटलंच, पण ते कमी होतं. या वेळी मला ती सांगायची होती. एकेकाला. समोर बसून. कोण काय करतं ते बघायचं होतं. मम्मीची भाकरी करपली. तुम्ही फुलं खिशात घातली."

माझा हात आपोआप त्याच खिशाकडे गेला. बायको उठून चहा ठेवायला गेली.

तिला पुण्याला सोडायला निघालो त्या सकाळी टेम्पोत बायकोची ट्रंक होती. माझी पत्र्याला जाड म्हणून उचलायला जड निघाली. ती शेडमध्येच राहिली आणि आता तिच्यात खरंच बियाणं असतं. चौकात आल्यावर मुलगी म्हणाली, "थांबवा." मी टेम्पो बाजूला घेतला. आता तिथे कसला तरी दुसराच फ्लेक्स होता, कुणाच्या तरी वाढदिवसाचा.

ती उतरली आणि आधी किराणा दुकानात गेली. आतून आवाज येत नव्हता, पण किराणावाला गल्ल्यावरून उठून उभा राहिलेला दिसला. त्याने बरणी उघडून तिच्या हातावर साखर ठेवली. मग ती सलूनमध्ये शिरली. तिथे एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस होता. तेही तसंच उठून बघायला लागलं.

टपरीवाला पुसायचं फडकं खांद्यावर टाकून माझ्या खिडकीशी आला. "काय भाऊ? ट्रंक कसली? पोरगी दुकानादुकानांत काय सांगत फिरतेय? झालं का काय तिचं?"

दोन शब्दांचं काम होतं. ते माझ्या ओठांवर आलेही होते. शेजारी बायको माझ्याकडे बघत होती. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"तुझ्याकडेच येतेय ती," मी म्हणालो. "थांब जरा."

तो थांबला. मीही थांबलो.