पेणचा माल, रोह्याचा माल

चिनू, मीरा, काल व्हिडिओ कॉलवर तुमचं भांडण ऐकलं. मीराचा दुकानदार हेडफोन परत घेतो, चिनूचा घेत नाही, म्हणून चिनू जेवायला उठेना. मी पेण पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक असतानाची एक केस समोर उभी राहिली. ती अजून जशीच्या तशी आठवते. नावं सांगत नाही. ती माणसं तिथंच राहतात.

पेणच्या एका साउंड सिस्टीमवाल्याचा फोन आला. "मॅडम, गिऱ्हाईक भलताच अ‍ॅम्प्लिफायर माझ्या गळ्यात मारतंय." हा दुकानदार पंधरा दिवसांत माल परत घ्यायचा, अट एकच: त्यावर डाग नको. खूण म्हणून प्रत्येक पीसच्या तळाला तो नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. या पीसला ठिपका नव्हता. मी तक्रार अर्ज घेतला आणि गिऱ्हाइकाला ठाण्यात बसवलं.

खांब गावाजवळचा भातशेती करणारा, गावचा भजनीबुवा. मान खाली.

"परत का करताय?"

"शेजारच्या धाकट्या भावानं असाच एक रोह्यातून आणला, बिलाशिवाय. माझ्यापेक्षा स्वस्त. तवापासनं जीव जळतो, मॅडम." मग हलकेच म्हणाला, "पन मी फसवलं नाय. गावात कळलं तर उद्यापासनं माझ्या भजनाला कोन बसंल?"

खोटं बोलणारा माणूस आपला हेवा असा उघडा करत नाही. हद्द रोह्याची, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवलं आणि महिला शिपाई घेऊन त्याच्या घरी गेले. पुढच्या खोलीत तिन्ही भिंतींना भाताच्या गोणी छपरापर्यंत रचलेल्या. बुवाची बायको रडत पुढे आली.

"आमी चोर नाय गो बाय!"

"मशीन घरी आणलं तेव्हा काय केलंत?"

"काय म्हंजे? हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. हे वरडले, डाग पडला तर दुकानदार घेनार नाय. मंग कुंकू पुसलं."

अ‍ॅम्प्लिफायरच्या वरच्या बाजूला हवेसाठी फटी असतात; टाकलेल्या अक्षता त्यातून आत जाणारच. जीपमध्ये दुकानातून जप्त केलेला पीस होता. तो उलटा करून हलवला. एकही तांदूळ पडला नाही.

शेजारचं घर धाकट्याचं. कंपनीत शिफ्टला जाणारा. चकचकीत फरशी, उघड्या भिंती, वर पत्रा.

"तुमच्या मशीनची पूजा केली होती?"

"यंत्राची कसली पूजा, मॅडम?"

त्याची बायको आतून म्हणाली, "मी म्हटलं व्हतं. तर म्हनाले, दादासारखं गावठी नको."

शिपाईबाईंनी त्याचा अ‍ॅम्प्लिफायर उलटा केला. खळखळ झाली आणि कुंकवात माखलेले तांदूळ फरशीवर पडले. तळाला लाल ठिपका होता.

धाकटा फरशीवरचे तांदूळ गोळा करू लागला. "सगळं गाव दादाकडं ऐकाया जातं. त्याच्याकडं गोड वाजतं, माझ्याकडं नुस्तं घुमतं. वाटलं, खराब पीस आला. रोहेवाला विकलेलं परत घेत नाय, दादाचा पेणवाला घेतो. दादा-वहिनी लग्नाला गेले, चावी आमच्याकडं व्हती. बदलला. दादाचं काय जानार व्हतं?"

"बदलल्यावर गोड वाजलं?"

"नाय."

मी त्या खोलीत टाळी वाजवली. पत्र्यावरून, भिंतींवरून ती परत आली. थोरल्याच्या खोलीत वाजवली तर गोणींनी ती गिळली. दोन्ही पीस उत्तम होते; फरक खोलीचा होता.

ठिपका पाहून दुकानदारानं अर्ज मागे घेतला आणि बुवाची चारचौघांत माफी मागितली. पीस मात्र परत घेणार नाही म्हणाला. "आत अजून कुंकवाचे तांदूळ आहेत!" बुवा हसला. भावाविरुद्ध तक्रार द्यायची का, विचारलं. त्यानं धाकट्याकडे बघितलंही नाही. "नको. त्याला म्हनावं, भिंतीला लावाया माझ्या गोनी घेऊन जा."

चोरी करणाऱ्याला वस्तू हवी असते, असं आम्हाला शिकवलं होतं. हेवा करणाऱ्याला ती दुसऱ्याच्या घरात जशी दिसते तशी हवी असते, आणि तशी ती उचलून आणता येत नाही. त्या केसनंतर चौकशीत मी आधी शेजारचं घर बघायला लागले.

मागच्या वर्षी खांबला थांबले होते. भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलतात. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर चालू आहेत. धाकट्याच्या भिंतीला थोरल्याच्या गोणी उभ्या आहेत. त्या बुवानं अजून परत मागितलेल्या नाहीत.